सोनोमा किनाऱ्याची ओकमध्ये मुरलेली शार्डने : लाकूड, लोणी आणि समुद्र वेगवेगळे कसे ओळखावेत?

पश्चिमा

ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरलेल्या शार्डने या पांढऱ्या वाइनचा विषय निघाला की वाइनप्रेमींची दोन टोकांची मते ऐकू येतात. एका गटाला तिचा व्हॅनिला, लोणी आणि भाजलेल्या पावाचा भरदार वास हवाहवासा वाटतो, तर दुसरा गट ‘फार लाकूड झाले’ असे म्हणून पेला बाजूला सारतो. थंड किनाऱ्यावरच्या शार्डनेबाबत हे दोन्ही निकाल घाईचे आहेत असे माझे मत आहे, कारण ते केवळ पहिल्या वासावर दिलेले असतात. लाकूड जास्त झाले की नेमके बसले, याचा निवाडा घोट गिळल्यानंतर तोंडात मागे काय उरते त्यावरून करावा. चर्चा भरकटू नये म्हणून मी कॅलिफोर्नियातील सोनोमा कोस्ट हा एकच प्रदेश समोर ठेवते.

आधी तिथला गारवा कुठून येतो ते पाहू. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा कॅलिफोर्निया प्रवाह मुळातच थंड आहे. त्यात वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे आणखी थंड पाणी वर येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही बोडेगा बेच्या आसपास समुद्राचे पाणी साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच असते. या पाण्यावरून येणारी दमट हवा गारठून तिचे धुके होते, आणि आतील सेंट्रल व्हॅली तापून तिथली हवा वर उठत असल्याने ते धुके डोंगरांमधल्या खिंडींतून आत ओढले जाते. द्राक्षातील मॅलिक आम्ल उष्णतेत मण्याच्या श्वसनात खर्ची पडते, गारव्यात मात्र ते टिकते. साखर सावकाश चढते, तोवर चव तयार व्हायला अवधी मिळतो, आणि तोडणीच्या वेळी मण्यात गोडी व आंबटपणा दोन्ही शिल्लक असतात. पुढे पिंपातून जे काही वाइनमध्ये उतरते, त्याचा भार हा आंबटपणाच उचलतो.

शार्डने हा पिनो आणि गुए ब्लां या दोन वाणांचा नैसर्गिक संकर आहे, हे १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. मस्कत किंवा गेव्हुर्त्सट्रामिनरसारखा ठसठशीत वास या वाणाला नाही. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, फळ अधिक पिकले तर पीच, एवढ्यावर त्याची स्वतःची बोली संपते. म्हणूनच बागेतली हवा आणि तळघरातले निर्णय या वाणात जितके उघडे पडतात तितके फार थोड्या वाणांत पडतात.

चव घेताना मी पुढील क्रम पाळते. वाइन ओतल्यावर पेला न हलवता एकदा वास घ्यावा, मग हलवून पुन्हा घ्यावा, आणि या दोन्ही वेळी कोणताही निष्कर्ष काढू नये. त्यानंतर मध्यम घोट घेऊन तो जिभेवर, गालांच्या आत आणि हिरड्यांवर नीट घोळवावा आणि गिळावा. आता खरे काम सुरू होते. जबड्याच्या कडेला, जिभेच्या दोन्ही बाजूंना लाळ सुटते, ती आम्लतेची खूण आहे. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या दातांवरच्या हिरड्यांना किंचित कोरडेपणा, खरखर जाणवते, ती बहुतांशी लाकडातून उतरलेल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, खूण आहे. शार्डने सालीसकट आंबवत नाहीत, त्यामुळे सालीचे टॅनिन तिच्यात नगण्य असते आणि हा कोरडेपणा ओळखणे रेड वाइनपेक्षा सोपे जाते. या दोन संवेदनांपैकी आधी कोणती मावळते याकडे लक्ष द्यावे. लाळ सुटत राहिली, फळाची चव मागे रेंगाळली आणि कोरडेपणा त्यांच्या आधी विरला, तर लाकूड कितीही जाणवले असले तरी ते वाइनमध्ये मुरलेले आहे. उलट फळ आधी निघून गेले आणि मागे फक्त व्हॅनिला, कडसर चव आणि कोरड्या हिरड्या उरल्या, तर वाइन त्या पिंपासाठी तोकडी पडली असे मी समजते.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

नीलकंठ_द

लेख आवडला. एक शंका आहे. मला या वाइनमध्ये सर्वांत आधी लोणी जाणवते आणि आजवर मी त्यालाच ओकची चव समजत आलो आहे. तुम्ही वर लाकडाबरोबर टॅनिन आणि व्हॅनिला यांचा उल्लेख केलात, पण लोण्याचा केला नाहीत. लोणी लाकडातून येत नाही का?

तळघर

नीलकंठ, लोणी लाकडातून येत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याचे सविस्तर उत्तर द्यायला हवे.

यीस्टने साखरेचे अल्कोहोल केल्यानंतर अनेक वाइनमध्ये दुसरी प्रक्रिया होते, तिला मॅलोलॅक्टिक म्हणतात. तिच्यात ओइनोकोकस ओइनी नावाचे जिवाणू हिरव्या सफरचंदातले तीक्ष्ण मॅलिक आम्ल घेऊन त्याचे दुधाच्या जातीचे मवाळ लॅक्टिक आम्ल करतात आणि थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हेच जिवाणू वाइनमधल्या सायट्रिक आम्लावरही काम करतात आणि त्यातून डायअॅसिटिल तयार होते. लोण्याचा वास या डायअॅसिटिलचा असतो. ही प्रक्रिया स्टीलच्या टाकीतही होते, तिला पिंपाची गरज नसते. ज्या वाइनरी शार्डने पिंपात घालतात त्याच बहुधा मॅलोलॅक्टिकही पूर्ण करतात, त्यामुळे पिणाऱ्याच्या मनात दोन्ही चवी एकत्र जोडल्या जातात, एवढेच.

लोणी किती राहावे हेही तळघरातल्या माणसाच्या हाती असते. वाइन यीस्टच्या गाळावर तशीच ठेवली तर यीस्ट हे डायअॅसिटिल हळूहळू खाऊन त्याचे जवळजवळ निर्गंध पदार्थ करते. गाळावरून लवकर उतरवून घेतली तर लोणी मागे राहते. वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घातल्यावर त्यातले काही डायअॅसिटिल बांधले जाते आणि वास दबतो. मी ज्या तळघरात काही हंगाम काम केले, तिथे हिवाळ्याच्या थंडीत मॅलोलॅक्टिक अगदी रेंगाळत चाले आणि कधी कधी वसंतात हवा उबदार झाल्यावरच पूर्ण होई. तेवढा सगळा काळ वाइन गाळावरच असल्याने तिच्यात लोण्याऐवजी ताज्या सायीसारखा हलका भास उरत असे. सोनोमाच्या पश्चिम टोकाच्या आजच्या अनेक वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक पूर्ण होऊनही लोणी जवळपास जाणवत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

ओळखण्यासाठी एक उपाय सुचवतो. लोणी नाकाला ओतल्याबरोबर भेटते आणि जिभेवर स्निग्धतेचा भास देते, परंतु हिरड्या कोरड्या करत नाही. हिरड्यांवर काही जाणवले तर तिथे लाकूड आहे.

शुभ्रा

पश्चिमा, तुमची पद्धत मला पटली, पण मूळ प्रश्न शिल्लक राहतो. जर गार समुद्र, धुके आणि सावकाश पिकलेले फळ एवढे सगळे निसर्गाने दिले असेल, तर त्यावर नव्या लाकडाचा मुलामा चढवायचाच कशाला? फ्रान्समधल्या शाब्लीमध्ये स्टीलच्या टाकीत केलेली शार्डने पितो तेव्हा आपण प्रदेश पितो. सोनोमाची वाइन पिताना मला अनेकदा पिंप बनवणाऱ्याचे कौशल्य प्यायल्यासारखे वाटते. १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅलिफोर्नियात अतिपिकलेले फळ, भरपूर नवे लाकूड आणि भरपूर लोणी यांची जी लाट आली, तिनेच लोकांना शार्डनेचा कंटाळा आणला. ‘शार्डने सोडून काहीही द्या’ असे म्हणण्याची पद्धत त्यातूनच पडली. त्या लाटेचा अंश आजही शिल्लक आहे असे मला वाटते.

पश्चिमा

शुभ्रा, त्या लाटेबद्दल तुमच्याशी माझे दुमत नाही. तिच्यावरची प्रतिक्रियाही कॅलिफोर्नियातूनच आली. वाइन व्यवसायातील राजत पार आणि जॅस्मिन हर्श यांनी २०११ मध्ये ‘इन परस्यूट ऑफ बॅलन्स’ हा उपक्रम सुरू केला आणि तो २०१६ पर्यंत चालला. पिनो न्वार आणि शार्डने करणाऱ्या, समतोलाचा आग्रह धरणाऱ्या वाइनरी त्यात एकत्र आल्या होत्या. त्यावर वादही पुष्कळ झाले, परंतु फळ किती पिकवावे आणि लाकूड किती वापरावे हे प्रश्न उघडपणे चर्चेला आले, हे त्याचे श्रेय मी मानते.

मात्र पिंप म्हणजे मुलामा, हे मला मान्य नाही. पिंपाची दोन कामे आहेत आणि ती वेगळी धरली पाहिजेत. पहिले काम चव देण्याचे. ते नव्या पिंपात सर्वाधिक होते आणि तीनचार वेळा वाइन भरून झाल्यावर जवळजवळ संपते. दुसरे काम भांड्याचे. लाकडातून आणि फळ्यांच्या सांध्यांतून अगदी सावकाश प्राणवायू आत येतो, गाळाचा वाइनशी मोठ्या पृष्ठभागावर संपर्क राहतो, आणि मृत यीस्टच्या पेशी विरघळून वाइनला अंग येते. हे दुसरे काम जुने पिंपही करते. शाब्लीचे उदाहरण तुम्ही दिले म्हणून सांगते, तिथली राव्हनो आणि दोव्हिसा ही अत्यंत मान असलेली घराणी जुनी पिंपे वापरतात. त्यांच्या वाइनमध्ये प्रदेश कमी जाणवतो असे कोणी म्हणत नाही.

शिवाय वाइन पिंपातच आंबवली आहे की टाकीत आंबवून नंतर पिंपात घातली आहे, यानेही मोठा फरक पडतो. तर्काला उलट वाटेल, पण पिंपात आंबवलेल्या वाइनमध्ये लाकूड कमी बोचते. त्याचे एक कारण असे की काम करणारे यीस्ट लाकडातून उतरलेल्या व्हॅनिलिनचे रूपांतर फारसा वास नसलेल्या व्हॅनिलिल अल्कोहोलमध्ये करते. दुसरे असे की पुढे तोच गाळ लाकडातला काही भाग स्वतःशी धरून ठेवतो. आंबवून, गाळ काढून, स्वच्छ झालेली वाइन नव्या पिंपात ओतली तर तिच्याजवळ हे संरक्षण नसते आणि लाकूड वरून लावल्यासारखे वेगळे जाणवते. तुम्हाला ज्या वाइनमध्ये मुलामा दिसला, त्यांपैकी काहींची घडण अशी असण्याची शक्यता आहे. वाइनरीच्या माहितीपत्रकात पिंपात आंबवल्याचा उल्लेख असेल, तर नव्या लाकडाच्या टक्केवारीपेक्षा तो मला अधिक काही सांगून जातो.

शुभ्रा

पिंपात आंबवण्याचा मुद्दा मी तपासून पाहीन. जुन्या पिंपाला माझा आक्षेप नव्हताच. नव्या लाकडाबद्दलचे माझे मत मात्र मी अजून बदललेले नाही. आंबटपणा भरपूर आहे म्हणून लाकूडही भरपूर चालेल, हा हिशेब मला मान्य नाही.

तळघर

या वादात लाकडाचीच ओळख राहून जाऊ नये, म्हणून थोडे लिहितो.

शार्डनेसाठी बहुधा फ्रेंच ओक वापरतात आणि त्यात आल्ये, त्रोंसे, व्होज या जंगलांची नावे वारंवार येतात. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रदेशाचे पारंपरिक पिंप २२८ लिटरचे असते. हल्ली ५०० लिटरची मोठी पिंपेही वापरली जातात, कारण पिंप मोठे झाले की वाइनच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग कमी होतो. लाकूड चिरून त्याच्या फळ्या दोनतीन वर्षे उघड्यावर, ऊनपावसात रचून ठेवतात. या काळात त्यातले कडवट टॅनिन धुऊन निघते आणि बुरशी व हवा मिळून लाकूड मवाळ करतात. ही पायरी घाईने उरकलेले लाकूड वाइनमध्ये करवतीच्या भुशासारखे वास मारते. तो वास एकदा ओळखीचा झाला की लपत नाही.

मग पिंप आगीवर भाजतात. भाजणी किती, यावर वास ठरतो. कच्च्या, कमी भाजलेल्या ओकमध्ये ओक लॅक्टोन उठून दिसते, त्याचा वास खोबऱ्याचा असतो. अमेरिकन ओकमध्ये ते अधिक असते आणि शार्डनेला ते सहसा मानवत नाही. मध्यम भाजणीत व्हॅनिलिन आणि लवंगेचा वास देणारे युजेनॉल पुढे येते. भाजणी वाढली की लाकडातल्या शर्करेपासून फरफ्युरल वर्गातले पदार्थ होतात आणि बदाम किंवा कॅरमेलचा वास येतो. त्याहून पुढे गेले की ग्वायाकॉल, म्हणजे धुराचा वास. वाइनमध्ये साखर नसतानाही ओकमुळे गोड भास होतो, त्याला व्हॅनिला आणि कॅरमेलची आपल्या मनातली जोड कारणीभूत असते. कोरड्या वाइनला ‘गोडसर’ म्हणण्याआधी नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. गोडी खरी असेल तर ती नाक बंद असतानाही जिभेला कळते, भास असेल तर नाहीशी होते.

दिशादर्शक

बाटली निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी असे सुचवतो. ‘सोनोमा कोस्ट’ हे नाव लेबलवर आहे म्हणजे द्राक्षे समुद्राजवळची आहेत, असे समजू नये. १९८७ मध्ये मान्य झालेले हे क्षेत्र सॅन पाब्लो उपसागरापासून मेंडोसिनो काउंटीच्या सीमेपर्यंत पसरलेले अवाढव्य क्षेत्र आहे आणि त्यातला बराच भाग किनाऱ्यापासून आत आहे. अमेरिकन नियमानुसार अशा क्षेत्राचे नाव लावायला ८५ टक्के द्राक्षे त्या क्षेत्रातली असावी लागतात. ती क्षेत्रात नेमकी कुठे पिकली, हे लेबल सांगत नाही.

म्हणून पुढे लहान क्षेत्रे वेगळी काढण्यात आली. २०१२ मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू, २०१७ मध्ये पेटालुमा गॅप आणि २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट. यांपैकी पेटालुमा गॅपची ओळख वाऱ्यावर ठरलेली आहे. बोडेगा बेकडून आत येणारा वारा डोंगरांमधल्या सखल पट्ट्यातून सॅन पाब्लो उपसागराकडे वाहतो, वेलींची वाढ रोखतो आणि मणी लहान व जाड सालीचे राहतात. फोर्ट रॉसची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथल्या बागा साधारण ९२० फुटांच्या वर, धुक्याच्या थराच्या माथ्यावर आहेत. समुद्र अगदी जवळ, हवा गार, पण ऊन मात्र स्वच्छ मिळते. त्यामुळे तिथली वाइन आंबट असूनही फळाने भरलेली असते आणि नवे लाकूड तिला तुलनेने सहज पेलते. खाली फ्रीस्टोन, ऑक्सिडेंटल या भागांत धुके उशिरापर्यंत बसून राहते आणि जमीन गोल्डरिज जातीची, जुन्या समुद्रतळापासून झालेली रेताड पोयट्याची आहे. तिथली वाइन सडपातळ, लिंबाच्या सालीकडे झुकणारी असते आणि तिच्यावर तेवढेच लाकूड घातले तर ती दबून जाते. शुभ्रा आणि पश्चिमा यांचा मतभेद काही अंशी या दोन भूभागांचा आहे, असे मला वाटते.

लेबलवरच्या अल्कोहोलच्या आकड्यावरही फार विसंबू नये. अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला दीड टक्का इकडेतिकडे होण्याची मुभा आहे आणि त्यावरच्या वाइनला एक टक्क्याची.

पश्चिमा

दिशादर्शक, हे निरीक्षण फार मोलाचे आहे. त्याला वाणाचीही एक बाजू जोडते. कॅलिफोर्नियात जुना वेन्टे नावाचा शार्डनेचा वंश अनेक बागांत आहे. त्याचा मूळ माल १९१२ मध्ये वेन्टे कुटुंबाने लिव्हरमोर खोऱ्यात लावला होता. या वंशाच्या वेलींना बरेचदा एकाच घडात काही मणी मोठे आणि काही अगदी बारीक धरतात. फुलोऱ्याच्या काळात किनाऱ्यावर गारठा आणि वारा असला तर हे प्रमाण आणखी वाढते. बारीक मण्यांत रस कमी आणि चव दाट असते. असा घड पिळून निघालेल्या रसात नवे लाकूड जिरवण्याची ताकद अधिक असते, हा मला नेहमी पटत आलेला मुद्दा आहे.

अनिकेत_र

मला काही सोनोमा शार्डनेमध्ये नुकतीच काडी पेटवल्यासारखा वास येतो. तो भाजलेल्या पिंपाचा आहे का? आणि २०२० च्या वणव्यांनंतर वाइनमध्ये धूर उतरल्याचे वाचले होते, तो हाच का?

तळघर

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही त्या एकत्र विचारल्यात हे बरे झाले.

काडीचा वास गंधकयुक्त संयुगांचा असतो. गाळ भरपूर ठेवून, वाइन फारशी न हलवता आणि हवेपासून जपून पिंपात मुरू दिली की ही संयुगे तयार होतात. अल्प प्रमाणात तो वास वाइनला धार देतो आणि अनेक वाइनरी तो मुद्दाम जोपासतात. पेल्यात हवा लागल्यावर तो हळूहळू कमी होतो. कमी न होता उकडलेल्या कोबीकडे किंवा रबराकडे वळू लागला, तर तो दोष आहे.

भाजलेल्या पिंपाचा धूर मंद, गोडसर असतो आणि तो वासात पुढे, चवीत मागे राहतो. वणव्याच्या धुराची गोष्ट याच्या उलट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये विजांच्या वादळाने लागलेल्या आगी सोनोमातही पसरल्या. वणव्याच्या धुरातले ग्वायाकॉल आणि त्याच्या जातीचे पदार्थ द्राक्षात शिरून साखरेशी बांधले जातात, त्यामुळे वासात ते फारसे कळत नाहीत. घोट घेतल्यावर लाळेने ते बंध सुटतात आणि गिळल्यानंतर काही वेळाने तोंडात राखेची चव उमटते. हे पदार्थ प्रामुख्याने सालीत असतात आणि शार्डनेचे घड तोडल्याबरोबर पिळून साली बाजूला काढतात, म्हणून तिला रेड वाइनच्या मानाने धोका कमी असतो, पण तो शून्य नसतो. निकाल गिळल्यानंतर द्यावा, हे पश्चिमा यांचे म्हणणे इथेही लागू पडते.

मृदुला

वरची पद्धत वापरून फोर्ट रॉस भागातली चार वर्षे जुनी शार्डने काल संध्याकाळी चाखली. त्याची नोंद इथे देते.

बाटली फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली होती. ओतल्यावर, पेला न हलवता, फक्त काडीचा वास आणि त्यामागे लिंबाची साल. हलवल्यावर भाजलेले हेझलनट आणि लवंग. या क्षणी मला निकाल द्यायला सांगितला असता तर मी ‘लाकूड बरेच आहे’ असे म्हटले असते. पहिल्या घोटाला लाळ जोरात सुटली आणि वरच्या ओठाच्या आत किंचित खरखर जाणवली. गिळल्यावर खरखर आधी गेली. लिंबू, हिरव्या सफरचंदाची साल आणि शेवटी जिभेच्या कडांवर खारट म्हणावी अशी जाणीव मात्र पुढचा घोट घेईपर्यंत टिकून होती.

तासाभराने काडीचा वास गेला होता, लवंगही मागे सरली होती आणि पीच पुढे आले होते. पेला संपल्यावर तो न धुता तसाच ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगला. रिकाम्या, वाळलेल्या पेल्यात व्हॅनिला आणि भाजलेले लाकूड इतके स्पष्ट होते की ते वाइनमध्ये एवढ्या प्रमाणात होते यावर विश्वास बसेना. भरल्या पेल्यात फळाने ते झाकून धरले होते. लाकूड किती होते हे मोजायला रिकामा पेला आणि ते मुरले होते का हे पाहायला गिळल्यानंतरची चव, अशी दोन्हींची सांगड घालावी असे मी सुचवेन.

नीलकंठ_द

मृदुला, नोंद फार उपयोगी आहे. ही वाइन किती गार असावी आणि किती वर्षे ठेवावी, हे कोणी सांगेल का? शिवाय माझ्या एका बाटलीच्या बुचाला आतून काचेच्या कणांसारखे खडे चिकटलेले आढळले, ती टाकून द्यावी का?

पश्चिमा

तापमान १० ते १३ अंशांच्या दरम्यान ठेवावे. थेट फ्रिजमधून काढलेली वाइन चार-पाच अंशांची असते. तिच्यात वास दबतात आणि लाकडाची कडसर बाजू मात्र टोचते, म्हणजे नेमके नको ते ऐकू येते. अरुंद पेल्यापेक्षा रुंद पोटाचा पेला घ्यावा, आणि तो एकतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये.

ठेवण्याबाबत सरसकट आकडा देणे योग्य नाही. पश्चिम सोनोमाच्या चांगल्या, भरपूर आम्लतेच्या वाइन पाच ते आठ वर्षांत सुरेख खुलतात, हा माझा अनुभव आहे. लाकूड या काळात विरते असे म्हणतात, पण मूळ फळच कमी असेल तर आधी फळ विरते आणि लाकूड उघडे पडते, हे पाहिले आहे. म्हणून तरुणपणी गिळल्यानंतर फळ टिकत नसेल, तर ती बाटली थांबवून ठेवू नये. रंग गडद सोनेरीकडून तपकिरी छटेकडे वळला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला, तर वाइन हवेने थकली आहे. बर्गंडीच्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या शार्डनेमध्ये ही तक्रार अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसू लागली होती, त्यामुळे एकाच वाइनच्या अनेक बाटल्या असतील तर अधूनमधून एक उघडून पाहत जावे.

खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे आहेत. वाइन थंड झाली की ते बसतात आणि त्यांनी चव बिघडत नाही. बाटली उभी ठेवून, तळाचा शेवटचा थोडा भाग न ओतता, ती निश्चिंतपणे प्यावी.